कळते, पण वळत नाही : हिमवृष्टीच्या अंदाजाची गोष्ट

७ जानेवारी २०२२, शुक्रवारची रात्र. पाकिस्तानातील मरी या थंड हवेच्या ठिकाणी हजारो मोटारी अडकून पडल्या होत्या. इस्लामाबाद-रावळपिंडीहून जवळ, समुद्रसपाटीपासून सुमारे २,३०० मीटर उंचीवरचे हे गाव. बर्फ पडतोय म्हटल्यावर आपल्याकडे मनालीला होते तशीच गर्दी तिथेही उसळली. संध्याकाळी बर्फाचा जोर वाढला, झाडे उन्मळून रस्त्यावर आली आणि वाहतूक ठप्प झाली. बाहेर गोठवणारी थंडी, त्यामुळे लोकांनी काचा वर केल्या, इंजिन आणि हीटर चालू ठेवले आणि मुलाबाळांना कुशीत घेऊन मदतीची वाट पाहिली. सकाळी बचाव पथके पोहोचली तेव्हा बर्फात बुडालेल्या मोटारींमध्ये कुटुंबेच्या कुटुंबे निपचित पडलेली आढळली. किमान २२ जणांचा मृत्यू झाला. त्यात लहान मुलेही होती.

या घटनेतली मन अस्वस्थ करणारी बाब पुढेच आहे. जोरदार हिमवृष्टी होणार, रस्ते बंद पडू शकतात, असा इशारा पाकिस्तानच्या हवामान खात्याने आधीच दिला होता. अंदाज चुकला नव्हता. पण इशारा दिल्यानंतरही मोटारी वर जातच राहिल्या आणि त्या वेळेवर कोणी थांबवल्या नाहीत. नंतरच्या चौकशीत प्रशासनाच्या कुचराईवर बोट ठेवले गेले आणि अधिकाऱ्यांवर कारवाईही झाली.

म्हणजे जोरदार हिमवृष्टीच्या अंदाजाचे दोन भाग आहेत. बर्फ कधी, कुठे, किती पडेल हे ओळखणे हा पहिला, आणि ते ओळखल्यावर माणसांनी वागण्यात बदल करणे हा दुसरा. पहिल्या भागात विज्ञानाने गेल्या शंभर वर्षांत मोठी मजल मारली आहे. दुसऱ्यात मात्र आपण अजून अडखळतो.

पुण्यातले शिमला ऑफिस

महाराष्ट्रातल्या माणसाचा बर्फाशी काय संबंध, असे वाटू शकते. पण पुण्यात शिवाजीनगरला वेधशाळेच्या इमारतीला लोक आजही ‘शिमला ऑफिस’ म्हणतात. भारतीय हवामान विभागाचे मुख्यालय पूर्वी शिमल्याला होते. ते १९२८ मध्ये पुण्याला हलले आणि नाव मात्र चिकटून राहिले. पुढे १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेले.

बर्फाचे आणि भारतीय हवामानशास्त्राचे नाते याहूनही जुने आहे. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या या विभागाचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८४ मध्ये एक निरीक्षण मांडले होते. हिमालयात हिवाळ्यात आणि वसंतात बर्फ जास्त साचले, तर पुढचा मोसमी पाऊस कमी पडण्याकडे कल असतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्यातूनच मान्सूनच्या दीर्घकालीन अंदाजांची सुरुवात झाली. तेव्हा बर्फ हे पावसाच्या अंदाजाचे साधन होते. खुद्द बर्फाचा अंदाज देणे ही फार पुढची आणि जास्त अवघड पायरी होती.

भूमध्य समुद्राकडून येणारे पाहुणे

हिमालयात हिवाळ्यात पडणारे बहुतेक बर्फ पश्चिमेकडून येते. भूमध्य समुद्र आणि त्याच्या आसपासच्या भागात कमी दाबाची क्षेत्रे तयार होतात. उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वेगवान वाऱ्यांच्या पट्ट्यावर स्वार होऊन ती इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तानमार्गे काश्मीर-हिमाचलपर्यंत येतात. यांनाच पश्चिमी झंझावात म्हणतात. हिवाळ्याच्या एका महिन्यात असे चार-सहा झंझावात येऊन जातात. सगळेच मोठे नसतात. बरेचसे थोडे ढग दाखवून निघून जातात.

एखादा झंझावात जोरदार बर्फ देतो तो त्याला ओलावा मिळाला तर. वाटेत भूमध्य आणि कॅस्पियन समुद्राकडून काही ओलावा मिळतो, पण मोठा पुरवठा बहुतेक वेळा आपल्या अरबी समुद्रातून होतो. झंझावाताचा प्रभाव दक्षिणेकडे पसरला की अरबी समुद्रावरची दमट हवा वायव्य भारताकडे ओढली जाते आणि पीर पंजाल, धौलाधारच्या रांगांवर जाऊन धडकते. डोंगर आडवा आला की हवेला वर चढावे लागते. वर चढलेली हवा थंड होते, तिच्यातली वाफ गोठते आणि बर्फ पडते. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पावसाळ्यात जे घडते, तेच तिथे हिवाळ्यात शून्याखालच्या तापमानात घडते.

म्हणून अंदाजकर्त्याचे पहिले दोन प्रश्न हे असतात : ओलावा किती येतोय आणि हवा किती जोराने वर चढणार आहे?

नाडी, रक्तदाब आणि तपासण्या

रुग्ण दवाखान्यात आला की आधी त्याची आजची स्थिती पाहावी लागते, उद्याचे नंतर. हवेचेही तसेच आहे. जगभर शेकडो ठिकाणांहून दिवसातून दोनदा फुगे आकाशात सोडले जातात. भारतात त्यांची वेळ साधारण पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाच. फुग्याला टांगलेले छोटे यंत्र सुमारे ३० किलोमीटर उंचीपर्यंत जाताना तापमान, आर्द्रता, दाब आणि वाऱ्याची नोंद रेडिओवरून खाली पाठवते. जिथे माणसे नाहीत तिथे उपग्रह कामाला येतात. भारताचे इन्सॅट-३डीआर आणि २०२४ मध्ये सोडलेला इन्सॅट-३डीएस हे ढगांची चित्रे तर देतातच, शिवाय हवेच्या वेगवेगळ्या थरांतील तापमान आणि ओलावाही मोजतात.

शेवटच्या काही तासांसाठी डॉप्लर रडार महत्त्वाचे. ढगातल्या थेंबांवरून आणि हिमकणांवरून परतणाऱ्या लहरींवरून ते ढगाची तीव्रता आणि वाऱ्याची दिशा सांगते. त्याला आणखी एक गोष्ट दिसते. वरून पडणारे हिमकण वितळू लागले की त्यांच्यावर पाण्याचा पापुद्रा येतो आणि रडारवर तो थर एकदम ठळक चमकतो. बर्फाचे पाणी किती उंचीवर होत आहे, हे त्यावरून कळते. हिमालयात अडचण अशी की रडारच्या लहरी सरळ जातात आणि डोंगर त्यांना अडवतो. डोंगराआडची दरी रडारला दिसतच नाही. म्हणून कुफ्री, बनिहाल, मुक्तेश्वर, सुरकंडा देवी अशा उंच जागा हेरून तिथे रडार बसवावी लागली आहेत.

एकाच रुग्णाला पन्नास डॉक्टर

आजची स्थिती कळली की उद्याचे गणित सुरू होते. हवा ही भौतिकशास्त्राच्या नियमांनी चालते, तेव्हा ती समीकरणे सोडवून उद्याचे हवामान काढता येईल, ही कल्पना ब्रिटिश गणितज्ञ लुईस फ्राय रिचर्डसन यांनी १९२२ मधील आपल्या पुस्तकात मांडली. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवत असताना त्यांनी फक्त सहा तासांचा एक अंदाज हाताने आकडेमोड करून काढून पाहिला. त्याला कित्येक आठवडे लागले आणि उत्तर साफ चुकले. पण पद्धत बरोबर होती. १९५० मध्ये अमेरिकेत एनिॲक या संगणकावर पहिला यशस्वी अंदाज निघाला आणि आज जगभर तीच वाट चालली जाते.

संगणकात पृथ्वीवरच्या हवेचे लहान लहान चौकोन पाडले जातात आणि प्रत्येक चौकोनाचे गणित मांडले जाते. चौकोन जितका लहान तितके चित्र स्पष्ट, पण संगणकावरचा भारही तितकाच मोठा. पुण्याच्या पाषाण भागातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने, म्हणजे आयआयटीएमने, या कामात मोठा वाटा उचलला आहे. तिथे २०२४ मध्ये ‘अर्क’ हा महासंगणक कार्यान्वित झाला आणि मे २०२५ मध्ये याच संस्थेने विकसित केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ हवामान विभागाकडे आली. तिच्यात चौकोनाची बाजू सुमारे १२ किलोमीटरवरून ६ किलोमीटरवर आली आहे.

तरीही एक गोचची राहते. सुरुवातीच्या मोजमापात थोडी जरी चूक असली, तरी ती दिवसागणिक वाढत जाते. एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६३ मध्ये हे दाखवून दिले. त्यावर उपाय म्हणून १९९२ पासून युरोप आणि अमेरिकेतील केंद्रांनी एकाऐवजी अनेक अंदाज एकदम काढायला सुरुवात केली. सुरुवातीच्या आकड्यांत मुद्दाम किंचित फरक करून तेच गणित पुन्हा पुन्हा सोडवायचे. युरोपियन केंद्र असे ५१ अंदाज काढते आणि भारतातही ही पद्धत वापरात आहे. ५१ पैकी ४५ गणिते शनिवारी मोठी हिमवृष्टी दाखवत असतील, तर विश्वास ठेवायला हरकत नाही. १० च दाखवत असतील, तर शक्यता आहे एवढेच म्हणता येते. अवघड आजारात अनेक तज्ज्ञांचे मत घ्यावे आणि बहुतेकांचे एकमत होते का ते पाहावे, तसाच हा प्रकार.

पाऊस की बर्फ?

पाणी किती पडणार हे कळले, तरी ते कोणत्या रूपात पडणार हा प्रश्न उरतोच. हिमाचलात एका अंशाने चित्र पालटते. शून्य अंशाच्या जरा वर पाऊस पडतो आणि रस्ता नुसता ओला होतो. तोच जरा खाली गेला की तीन तासांत वाहने अडकतात.

इथे नुसता तापमापी पाहून चालत नाही. हवा कोरडी असेल, तर पडणाऱ्या थेंबांचे आणि हिमकणांचे बाष्पीभवन होते आणि त्यात हवेतली उष्णता शोषली जाते. ताप आलेल्या मुलाचे अंग ओल्या फडक्याने पुसले की ताप उतरतो, त्यामागे हेच तत्त्व आहे. म्हणून दोन-तीन अंश तापमान असतानाही, हवा कोरडी असेल तर बर्फ जमिनीपर्यंत पोहोचू शकते. अंदाजकर्ते यासाठी ओल्या कापडात गुंडाळलेल्या तापमापीचे तापमान लक्षात घेतात.

पुढचा प्रश्न थर किती जाड होणार. साधा ठोकताळा असा की १ सेंटिमीटर पाण्याचे १० सेंटिमीटर बर्फ होते. पण हा ठोकताळाच आहे. शून्याच्या आसपास पडणारे ओले, जड बर्फ त्याच पाण्यात पाच-सहा सेंटिमीटरच भरते, तर कडक थंडीतले भुसभुशीत बर्फ पंधरा-वीस सेंटिमीटरपर्यंत जाते. ढगात उणे १२ ते उणे १८ अंशांच्या पट्ट्यात भरपूर ओलावा असेल, तर फांद्या फुटलेले मोठे हिमकण झपाट्याने वाढतात आणि थर भराभर चढतो. तापमान आणि ओलावा बदलला की हिमकणाचा आकार बदलतो, हे जपानी शास्त्रज्ञ उकिचिरो नाकाया यांनी प्रयोगशाळेत हिमकण तयार करून दाखवले. त्यांनी १९३६ मध्ये पहिला कृत्रिम हिमस्फटिक बनवला होता.

हवामान विभागाच्या व्याख्येत २४ तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस म्हणजे जोरदार पाऊस. तेवढेच पाणी बर्फ होऊन पडले, तर साध्या ठोकताळ्याने दोन फुटांहून जास्त थर होतो. छोट्या मोटारीचे चाक त्यात पूर्ण बुडते.

सहा किलोमीटरच्या चौकोनात डोंगर मावत नाही

एवढे सगळे असूनही अंदाज कुठे चुकतात? मुख्यतः जागेत आणि वेळेत. कुलू सुमारे १,२०० मीटरवर, मनाली २,००० मीटरच्या आसपास आणि रोहतांग खिंड जवळजवळ ४,००० मीटरवर. एकाच दिवशी कुलूत पाऊस, मनालीत चिखल-बर्फ आणि रोहतांगला हिमवादळ असू शकते. सहा किलोमीटरच्या चौकोनात दरी आणि शिखर दोन्ही येतात आणि गणितात मात्र त्यांची सरासरी उंची धरली जाते. त्यामुळे चार-पाच दिवस आधी ‘पश्चिम हिमालयात मोठी हिमवृष्टी’ एवढे खात्रीने सांगता येते. कोणत्या वळणावर किती, ते शेवटच्या काही तासांतच स्पष्ट होते.

अमेरिकेतील बफेलो शहराचे उदाहरण याच्या दुसऱ्या टोकाचे आहे. तिथे बर्फ देतो तो ईरी सरोवर. हिवाळ्याच्या सुरुवातीला सरोवराचे पाणी अजून उबदार असते. त्यावरून उत्तरेची थंडगार हवा गेली की ती ऊब आणि वाफ उचलते आणि किनाऱ्यावर रिकामी करते. सरोवराचे पाणी आणि दीड किलोमीटर उंचीवरची हवा यांच्या तापमानात १३ अंशांहून जास्त फरक पडला की धोका, हा तिथला आडाखा. वाऱ्याची दिशा पाहून बर्फाचा अरुंद पट्टा कुठे पडेल हेही सांगता येते. नोव्हेंबर २०२२ मध्ये शहराजवळच्या ऑर्चर्ड पार्क इथे चार दिवसांत सुमारे दोन मीटर बर्फ पडले.

पुढच्याच महिन्यात, नाताळच्या सुमारास, तिथे भीषण हिमवादळ आले. अंदाज कित्येक दिवस आधी दिलेला होता. पण वाहतूकबंदीचा आदेश निघाला तो वादळ येऊन थडकले त्या सकाळी, तोवर बरेच लोक कामावर निघाले होते. त्या एका जिल्ह्यात ४० हून अधिक माणसे दगावली. काही रस्त्यावर, काही मोटारीत, काही वीज गेलेल्या थंड घरात, काही बर्फ उपसताना हृदय बंद पडून आणि काही रुग्णवाहिका पोहोचू न शकल्यामुळे.

ऑक्टोबर २०१४ मध्ये नेपाळात असेच घडले. बंगालच्या उपसागरातील ‘हुडहुड’ चक्रीवादळ १२ ऑक्टोबरला विशाखापट्टणमला धडकले. त्याची बातमी साऱ्या भारताला होती. त्याचेच अवशेष दोन दिवसांनी अन्नपूर्णा परिसरात पोहोचले आणि थोरोंग ला खिंडीत गिर्यारोहक हिमवादळात सापडले. ४० हून अधिक जणांचा बळी गेला. वादळाचा मार्ग ठाऊक होता, पण खिंडीकडे पहाटे निघालेल्या माणसांपर्यंत ती माहिती पोहोचली नव्हती.

मोटारीत नेमके काय होते?

मरीच्या घटनेकडे परत येऊ. गोठून मरणे सगळ्यांना समजते. पण बंद मोटारीत दुसरा, जास्त छुपा धोका असतो. बर्फाने सायलेन्सरचे तोंड बुजले की धूर मागे फिरतो आणि गाडीत शिरतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. आधी डोके दुखते, मळमळते, गळून गेल्यासारखे वाटते. प्रवासाचा थकवा असेल असे समजून माणूस डोळे मिटतो आणि शुद्ध हरपते. बोटाला लावायचा ऑक्सिमीटरही इथे फसवतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनयुक्त समजतो आणि आकडा ९८ दाखवतो. उपाय एकच : ताबडतोब मोकळ्या हवेत आणणे आणि शुद्ध ऑक्सिजन देणे. साध्या हवेत हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, तर शुद्ध ऑक्सिजनवर साधारण एक-दीड तास.

मुंबई-पुण्यात बंद न्हाणीघरातील गॅस गिझरने होणारे मृत्यू याच वायूने होतात. थंड प्रदेशातील हॉटेलच्या बंद खोलीत रात्रभर पेटती ठेवलेली शेगडी, बुखारी किंवा गॅसचा हीटरही तोच घात करतो.

इशारा वाचायचा कसा?

हवामान विभाग जिल्हानिहाय चार रंग वापरतो. हिरवा म्हणजे काळजी नको. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे कृती करा, आणि पर्यटकासाठी कृती याचा अर्थ एकच, जिथे आहात तिथेच थांबा. हे इशारे विभागाच्या ‘मौसम’ आणि आपत्ती व्यवस्थापनाच्या ‘सचेत’ या ॲपवर मिळतात. निघण्याच्या आदल्या रात्री आणि पुन्हा सकाळी, असे दोनदा पाहावे. पाच दिवसांपूर्वी पाहिलेला अंदाज शिळा झालेला असतो.

रंग पाहताना आपल्या मुक्कामाच्या गावाचा नव्हे, तर वाटेतल्या सर्वांत उंच ठिकाणाचा विचार करावा. बर्फ थांबले म्हणजे धोका टळला असेही नाही. नव्याने साचलेला थर खालच्या कच्च्या थरावरून घसरला की हिमप्रपात होतो. चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण संशोधन संस्था त्याचे वेगळे इशारे देते. ते पाहिल्याशिवाय उतारांच्या वाटेला जाऊ नये.

अडकलातच, तर गाडी सोडून बर्फात भटकू नका. ११२ वर कळवा. सायलेन्सरभोवतीचे बर्फ हाताने, फावड्याने, मिळेल त्याने काढा आणि पुन्हा पुन्हा तपासा. इंजिन सलग चालू न ठेवता तासाला दहा मिनिटे पुरे, तेही वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच थोडी खाली ठेवून. एकाच वेळी सगळ्यांनी झोपू नये. हृदयविकार असलेल्यांनी बर्फ उपसायला पुढे होऊ नये. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, त्यात अचानक श्रम झाले की हृदयावर ताण येतो. मधुमेह, रक्तदाबाच्या गोळ्या, पाणी आणि खाणे डिकीतल्या बॅगेत नव्हे, हाताशी असावे.

सहलीचे पैसे भरताना एक प्रश्न जरूर विचारावा. नारिंगी किंवा लाल इशारा आला, तर कार्यक्रम बदलाल का आणि पैशांचे काय? कारण इशारा कळूनही लोक पुढे जातात ते बहुतेक वेळा अज्ञानामुळे नाही. हॉटेल आरक्षित असते, सुट्टी संपत आलेली असते, मुलांना बर्फ दाखवायचे कबूल केलेले असते. मरीला निघालेल्या कुटुंबांचेही यापेक्षा वेगळे काही नव्हते. तो निर्णय घाटात, अंधारात, मागे मोटारींची रांग लागलेली असताना घेता येत नाही. तो घरी बसून, आधीच घेऊन ठेवावा लागतो.